‘वार पडली का?’ : एका दाईमायच्या स्मृतिभ्रंशाचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातलं, अडाण नदीच्या बाजूच्या एका गावचं आहे. कुटुंबाच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जिच्याबद्दल लिहायचं तिला सारं गाव दाईमाय म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणणार. केसपेपरवर मात्र ‘स्त्री, वय ७८, निरक्षर, अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश, मध्यम टप्पा, रात्री भटकणे, आक्रमक वर्तन’ एवढंच होतं. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकात मी समाजसेविका आहे. तो कागद माझ्याकडे आला तेव्हा मलाही तेवढंच माहीत होतं.

तक्रार

तक्रार धाकट्या मुलाची होती. चार एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. मोठा भाऊ पुण्याकडे कंपनीत. माय विसरते, तेच तेच विचारते, हे दोन वर्षं त्यानं ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिलं होतं. पण दिवाळीपासून ती रात्री दोन-अडीचला उठून दाराशी जायला लागली. अडवलं की ओरडायची. एकदा सुनेच्या हाताला चावली. एका रात्री पेटत्या गॅसवर रिकामं पातेलं सापडलं. कपाटातली दोन चांगली लुगडी तिनं फाडून त्यांच्या पट्ट्या केल्या. शेजारच्यांनी कुणी बाहेरचं असेल म्हणून सांगितलं, तेही करून झालं.

मग मुलानं रात्री बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. दाराला धडका देताना तिच्या कपाळाला खोक पडली. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. रात्री शांत झाल्या, पण ती दिवसाही पेंगू लागली आणि नवव्या दिवशी न्हाणीत पडून मनगट मोडलं. झोपेच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, गोंधळ आणखी वाढतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ‘आवरण्यासाठी’ मनोविकाराची जी औषधं सर्रास देतात, त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला आहे. कधी कधी अगदी नाइलाज म्हणून ती लागतात. इथं तो नाइलाज आलेला नव्हता.

जिल्ह्याला तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक, साखर ठीक, बी-१२ कमी. ते भरून काढलं, फरक थोडाच पडला. सीटी स्कॅननंतर निदान पक्कं झालं आणि डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचं औषध सुरू झालं. निदानाबद्दल माझी तक्रार नाही, प्रश्न विचारून स्मरण तपासायच्या चाचणीबद्दल आहे. आज तारीख काय, या प्रश्नाला दाईमाय म्हणाली होती, ‘परवा बुद्धपौर्णिमा झाली ना. विहारात खीर होती.’ खरंच परवा झाली होती. कागदावर गुण शून्य, कारण तारीख, महिना, साल यातलं काहीच आलं नाही. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहून दाखवा, अशी ही १९७५ सालची चाचणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला तशीच लावली तर तिच्या आजाराइतकंच तिचं निरक्षर असणंही मोजलं जातं. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत या चाचणीचं निरक्षरांना चालेल असं हिंदी रूप तयार झालं ते यासाठीच.

आणि हा एकट्या दाईमायचा प्रश्न नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

‘आजी’

पहिल्या दोन भेटींत मी तिला आजी म्हणत होते. दवाखान्यात सगळेच म्हणत होते. ती उत्तर द्यायची नाही, भिंतीकडे बघत बसायची. मी लिहिलं, ‘संवादास प्रतिसाद कमी.’

तिसऱ्या भेटीला गावची आशाताई सोबत होती. तिनं दारातूनच आवाज दिला, ‘जयभीम, दाईमाय!’ म्हातारी सावरून बसली. ‘जयभीम बाई. ये. कितवा चालू हाये तुले?’

आशाताई चाळिशीतली, तिची पोरं कॉलेजात. ‘मले नाही आता, दाईमाय. पण वस्तीत दोघीजणी हायेत. एकीले सातवा, एकीले नववा.’

‘नववीचं डोकं खाली आलं का?’

पुढची वीस मिनिटं त्या दोघी बोलत होत्या आणि मी ऐकत होते. सातव्या महिन्यातल्या बाईच्या पायाला सूज आहे का, हे दाईमायनं तीनदा विचारलं. विसरून तीनदा विचारलं हे खरं. पण विचारायचं काय, हे ती विसरलेली नव्हती. मागचे दोन महिने या बाईशी कुणी तिच्या कामाचं बोललंच नव्हतं. जेवली का, गोळी घेतली का, शी झाली का, एवढंच.

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, जास्त करून आशाताईकडून, कारण आशाताई स्वतः तिच्याच हातावर जन्मली. दाईपण सासूकडून आलं. सत्तरीच्या दशकात सरकारनं गावोगावच्या दायांना शिकवायला घेतलं तेव्हा तिनंही प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षण घेतलं. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, नाळ कशी बांधायची, पाते-दोरा उकळून का घ्यायचा. तिथून मिळालेली पेटी अजून घरात आहे. गावात आज पंचविशी ओलांडलेला आणि पन्नाशीच्या आतला जो भेटेल, तो बहुधा तिच्याच हातचा. पुढे २००५ सालानंतर जननी सुरक्षा योजना आली, आशा आल्या, बाळंतिणीसाठी गाडी दारात यायला लागली. घरची बाळंतपणं थांबली, आणि थांबली ते चांगलंच झालं. फक्त दाईमायला कुणी येऊन सांगितलं नाही की आता तुझं काम संपलं. बोलावणं यायचं हळूहळू बंद झालं, इतकंच.

हे कळल्यावर केसपेपरवरची ‘लक्षणं’ मी पुन्हा वाचली. रात्री दोनला दार. गॅसवर पातेलं. फाडलेली मऊ जुनेर. दिवसातून दहादा कोपरापर्यंत हात धुणं, ज्याला सून ‘पाण्याचा चाळा’ म्हणत होती. बाळंतपणं बहुतेक रात्रीच यायची.

वार

‘बाई अडली हाये. मले जाऊ दे.’ दाराशी हेच वाक्य असायचं, फक्त ते कुणी नीट ऐकलेलं नव्हतं. मुलाला हा उलगडा सांगितल्यावर त्यानं आपल्या मनानं उपाय केला. दुसऱ्या रात्री माय दाराशी गेली तसं म्हणाला, ‘झालं बायंतपण माय. पोरगा झाला. झोप आता.’

ती थांबली. मुलाला वाटलं, जमलं. मग तिनं विचारलं, ‘वार पडली का?’ वार म्हणजे बाळापाठोपाठ पडणारा जार, प्लासेंटा.

‘हो ना. पडली असंन.’

‘असंन म्हंजे? पाह्यली नाही का कोणं?’

त्या रात्री ती आधीपेक्षा जास्त बिथरली. पहाटेपर्यंत दार सोडलं नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी मला फोनवर म्हणाला, खोटं बोलूनही उपयोग नाही. मी आशाताईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘बिथरंनच. वार अडकली तर बाई रक्त जाऊन मरते. दाईचं काम पोरगा झाल्यावर संपत नाही, वार पूर्ण पाह्यल्यावर संपते.’ बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आजही आपल्याकडे माता दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. दाईमायचा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर देणाऱ्यालाच विषय माहीत नव्हता.

इथं मी बरेच दिवस अडकले. न झालेल्या बाळंतपणाची खोटी पण तपशीलवार हकीकत सुनेला पाठ करून द्यावी, हा सोपा मार्ग होता. अनेक ठिकाणी तो सुचवतातही. मला तो पटत नव्हता. जिनं आयुष्यभर डोळ्यांनी बघितल्याशिवाय ‘सुखरूप’ हा शब्द उच्चारला नाही, तिला रोज रात्री गुंडाळायचं? उलट, ‘माय, तू आता दाई नाहीस, अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालीस’ हे खरं सांगणं तर तिच्या तोंडावर दार आपटण्यासारखं होतं. मुलानं तेही करून पाहिलं होतं.

मार्ग आशाताईनं काढला आणि तो तिच्याच कामात होता. तिच्या वहीत गावातल्या गरोदर बायकांची नोंद असते. कोण तालुक्याला बाळंत झाली, साधी की सिझर, बाळाचं वजन किती. ती रोज संध्याकाळी दिवेलागणीला पाच मिनिटं यायला लागली आणि कुणाचं नाव न घेता खरी बातमी द्यायला लागली. ‘आज दवाखान्यात एक झाली. पोरगी. अडीच किलो. वार पूर्ण पडली, डॉक्टरीणबाईनं पाह्यली.’ ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी, ‘आज कोणाचंच पोट दुखत नाही, दाईमाय.’ तेही खरं. तीच बातमी सून रात्री उशाशी पुन्हा सांगायची.

घरातही बदल केले. कुलूप काढलं आणि दाराला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली. रात्री गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवायचा, थर्मासमध्ये कोमट पाणी आणि शेजारी साबण. दारापर्यंत आलीच तर अडवायचं नाही, सोबत जायचं. मुलगा कंदिलासारखी बॅटरी धरून तिच्यासोबत विहारापर्यंत जायचा, ती दोन-चार घरांसमोर उभी राहून कान द्यायची, मग परतायची. सून भिंतीवरच्या कॅलेंडरवर उठलेल्या रात्रींना टिंब करायची. आठवड्याला सहा टिंबं असायची, चार महिन्यांनी दोनवर आली. ती दोन मात्र ती चालत होती तोवर राहिली.

पदर आणि ओंजळ

मनगट मोडल्यावर सोयीसाठी तिला मॅक्सी घातली होती. लघवीचं भान जायला लागलेलं, नऊवारीचा काष्टा सोडेपर्यंत उशीर व्हायचा. सुनेचं म्हणणं रास्त होतं. पण तेव्हापासून दाईमाय दिवसभर डोक्यावर टॉवेल घेऊन बसायची, टॉवेल काढला की उशीचा अभ्रा. पोरं हसायची. मॅक्सीला पदर नसतो, आणि पदराशिवाय ती पुरुषमाणसांसमोर कधी बसलेली नव्हती, हे सुनेच्याच लक्षात आलं. तिनं मॅक्सीच्या खांद्याला जुन्या लुगड्याचा दोन हात लांब पदर शिवून टाकला. त्या दिवसापासून टॉवेल सुटला.

टॉम किटवुड नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं नव्वदीच्या दशकात ब्रॅडफर्डला काम करताना अशा गोष्टींची यादीच केली होती. मोठ्या माणसाला पोरासारखं वागवणं, त्याच्या चालीपेक्षा घाई करणं, फसवणं, त्याच्यादेखत तो नसल्यासारखं बोलणं. यानं माणूस आतून खचतो, आणि आपण तो खचलेपणा आजाराच्या खात्यावर टाकतो, असं त्याचं म्हणणं. तो हेही सांगे की हे बहुतेक वेळा वाईट हेतूनं होत नाही, प्रेमाची माणसंच करतात. आपल्याकडे त्याला ‘म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण’ या वाक्याचा आधार मिळतो. ते वाक्य मला आता ऐकवत नाही. मुलाला आयुष्य मागे नसतं. हिला अठ्ठ्याहत्तर वर्षांचं होतं.

आणि त्या आयुष्यात सगळंच गोड नव्हतं. रुग्णाची ‘जीवनकहाणी’ लिहून घ्यायचे आमचे जे फॉर्म असतात त्यांत आवडतं गाणं, आवडता पदार्थ, आवडता सण विचारतात. एका रात्रीच्या फेरीत गावातल्या वरच्या आळीच्या एका घरानं तिला प्रेमानं अंगणात बोलावलं, पाणी देऊ केलं. दाईमाय उंबऱ्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि तिनं ओंजळ पुढे केली. पाणी वरून ओतायला.

मुलगा हे सांगताना रडला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा त्याची आई आठ-दहा वर्षांची पोर होती, बापाच्या बोटाला धरून गेलेली. ते तिनं पोरांना हजारदा सांगितलं होतं. ज्या घरानं बाळंतपणाला बोलावलं पण बारशाला वाटीभर घुगरीसुद्धा वेगळी दिली, त्या घरी ती पुन्हा कधी जेवली नाही, हेही सांगितलं होतं. आणि आता ती ओंजळ धरते? त्यानं तिला भर अंगणात रागावलं. तिला काही कळलं नाही, ती फक्त भ्याली.

स्मृतिभ्रंशात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं जास्त टिकतं, हे मी त्याला समजावलं. छप्पनच्या आधीचं जे काही तिच्या अंगात शिरलं होतं, ते छप्पननंतरच्या साठ-सत्तर वर्षांखालून वर आलं होतं. बोलताना मला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही. मग मुलानं ठरवलं: रात्री निघताना घरचा पितळी गडवा सोबत घ्यायचा आणि कुणाच्याही दारात पोचलं की त्यानं आधी मोठ्यानं ‘जयभीम’ म्हणायचं. जयभीम ऐकलं की तिची मान वर व्हायची. पाणी ती आपल्या गडव्यातून प्यायची. वर्ष-दीड वर्षात ओंजळ परत दिसली ती एकदाच.

लुगड्याच्या पट्ट्यांचं थोडक्यात सांगते. सुनेनं जुनी सुती लुगडी तिच्यापुढे ठेवली, ती फाडून चौकोनी घड्या घालायची. आशाताई त्या धुऊन, उन्हात वाळवून नव्या बाळंतिणींना दुपट्यांसाठी द्यायची. हात गुंतवण्यासाठी दिलेलं खोटं काम नव्हतं ते. एका घरानं ‘भ्रमिष्ट बाईच्या हातचं नको’ म्हणून परत केली. आशाताईनं त्यांना काही म्हटलं नाही, पुढच्या घरी दिली.

माझी चूक

भाद्रपदात दाईमाय पोट धरून बसायला लागली. ‘कया येऊन राह्यल्या. कया येऊन राह्यल्या.’ सुनेनं फोन केला. मी म्हटलं, आठवणीतली कुणीतरी बाळंतीण असेल, आशाताईला बातमी द्यायला सांगा. दोन दिवस आम्ही तिला बातम्या देत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिनं मुलाला ओळखलं नाही, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून हात झाडायला लागली. सुनेनं त्या रात्री १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी क्रमांकावर फोन केला. तिथून, हे एकाएकी झालंय तर आधी दवाखाना गाठा, असं सांगितलं गेलं. लघवी तुंबलेली होती आणि संसर्ग झालेला होता. कळा तिच्याच होत्या.

नळी घालून लघवी काढली, प्रतिजैविकं दिली. आठ दिवसांत ती बरीचशी पूर्वीसारखी झाली. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी सरकतो. दोन-तीन दिवसांत माणूस एकदम बिघडला तर संसर्ग, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता, नवं औषध, पडल्यावर डोक्याला लागलेला मार हे आधी पाहायचं असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण दाईमायची गोष्ट मला इतकी सापडली होती की तिच्या प्रत्येक वाक्यात मी दाईच ऐकायला लागले होते. आधी दवाखान्यानं तिला ‘आजी’त कोंबलं होतं, मी ‘दाई’त कोंबलं. पोट दुखणारी म्हातारी बाई त्यात राहून गेली. त्यानंतर घरी एक नियम केला: ती काहीही म्हणो, आधी अंगाला हात लावून पाहायचं, ताप, पोट, लघवीचा वास. मग अर्थ लावायचा.

सून

या सगळ्यात सगळ्यांत कमी झोपली ती सून. दिवसा कापूस वेचायला जायची, रात्री घंटीला जागायची. मोठा मुलगा पुण्याहून पैसे पाठवायचा आणि फोनवर सल्ले द्यायचा. अंघोळ, कपडे, सगळं तिच्याकडेच, कारण मुलानं आईला न्हाऊ घालणं दोघांनाही जड. ते मी बदलायचा प्रयत्न केला नाही; दाईमायलाही ते नको होतं. रात्री मात्र वाटून घेतल्या, एक दिवसाआड मुलाची घंटी. दिवाळीत मोठा मुलगा आला तेव्हा त्याला पंधरा दिवस ठेवून घेतलं आणि सून माहेरी गेली. परत आली तेव्हा दीर तिला म्हणाला, ‘वैनी, मले फोनवर समजत नव्हतं.’ तेव्हापासून तो पैसे जास्त आणि सल्ले कमी पाठवतो.

सध्या

आता आजार पुढच्या टप्प्यात आहे. ती फारसं चालत नाही, रात्री उठत नाही, आशाताईला ओळखत नाही. आशाताई तरी दिवेलागणीला येऊन बातमी देते. दाईमाय कधी ‘हं’ म्हणते, कधी नाही. चमच्यानं भरवलं की तोंड फिरवते; वरणात चुरलेली भाकर ताटात मऊ करून पुढे ठेवली की स्वतःच्या बोटांनी चार घास खाते. सांडतं, वेळ लागतो. गिळताना ठसका लागायला लागला आहे, म्हणून ताठ बसवूनच.

पुढे नाकातून नळी घालायची का, यावर भावांत मतभेद होते. आजार इतका पुढे गेल्यावर नळीनं आयुष्य वाढतं असं दिसत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मोठ्याला ते उपाशी मारण्यासारखं वाटत होतं. मी विचारलं, याबद्दल ती स्वतः कधी काही बोलली होती का? सुनेला आठवलं. दाईमायची बहीण नागपूरला शेवटी नळ्यांवर होती. तिला भेटून आल्यावर, धड असताना, चुलीपाशी बसून ती म्हणाली होती, ‘मले असं बांधून नोका ठेवू. घरी ठेवा. पानी पाजा.’

मुलानं ते तिच्याच शब्दांत कागदावर लिहिलं. दोघा भावांनी आणि सुनेनं सह्या केल्या. कायद्यात अशा कागदाला किती वजन आहे हे डॉक्टरांशी बोलायचं आहे, पुढच्या शुक्रवारी. तोवर तो दाईमायच्या पेटीत, पाते-दोऱ्याशेजारी ठेवला आहे.